साफ केलेल्या जागेचा पाला कोणाच्या डोक्यावर?

विश्रांतवाडी, धानोरी, कळस या भागांत मोकळ्या जागा आता थोड्याच उरल्या आहेत. पाऊस पडला की त्यांवर गाजर गवत, घाणेरी, एरंड आणि सुबाभूळ माजते. आमच्या विहाराभोवतीची जागा आम्ही उपासक-उपासिका श्रमदानाने साफ करतो. तोडण्याचे काम दोन रविवारांत उरकते. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. छातीइतका उंच ढीग पडलेला असतो, त्याचे करायचे काय?

कोणी म्हणतो, काडी लावा. पण धूर शिरतो तो पत्र्याच्या घरांतच. दम्याचे म्हातारे आणि तान्ही मुले तिथेच असतात. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2016 साली दिला. आम्हा बौद्धांना तर दंडाची भीती दाखवावी लागू नये. पावसात हिंडणाऱ्या भिक्षूंच्या पायाखाली कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली, म्हणून तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयपिटकात आहे. मग ढिगात दडलेले सरडे नि किडे आम्ही कसे जाळावेत?

दुसरा म्हणतो, नाल्यात ढकला. पहिल्याच मोठ्या पावसात मोरी तुंबते आणि पाणी खालच्या अंगाच्या घरांत शिरते. ती घरेही आपलीच.

तिसरा म्हणतो, रस्त्यावर टाका, महापालिका उचलेल. महापालिका म्हणजे कोण? खराटा आणि पाटी घेतलेला माणूस बहुधा आपल्यातलाच असतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायाही बहुसंख्य दलित समाजातल्या. 1993 साली त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, आणि 2008 पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत त्या घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. त्यांच्या ढकलगाडीवर आमच्या काटेरी फांद्या लादायच्या काय? आणि शहराचा कचरा ज्यांच्या दारात पडला, त्या उरुळी देवाची व फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, हेही विसरून चालणार नाही.

मेलेली जनावरे ओढणे सोडा, असे बाबासाहेबांनी 1927 साली महाडला सांगितले. जन्मावरून लादलेली घाण झुगारून देण्याची ती हाक होती. आपली घाण दुसऱ्या गरिबाच्या डोक्यावर देण्याची मुभा तिच्यात नाही. आपल्या जागेचा पाला आपणच जिरवावा, हा स्वाभिमानाचाच भाग आहे.

हे काम अवघड नाही. आम्ही प्रथम वेगवेगळे ढीग करतो. सुबाभळीचा पाला शेळ्या आवडीने खातात. शेळीवाल्यांना निरोप दिला की तो संपतो. जाड फांद्या रोपांना आधाराला लागतात. वाळका पाला झाडांच्या बुडाशी पसरला की ओल टिकते. उरलेल्याचे खत करायचे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेप काका, यांची पद्धत त्याला उत्तम. विटांचा 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच हौद बांधावा आणि हवा खेळण्यास भिंतींत भोके ठेवावीत. पाला, शेणपाणी आणि चाळलेली माती यांचे थर द्यावेत. सुमारे दीड हजार किलो पाल्याला शंभर किलो शेण पुरते. वरून शेणमातीने लिंपावे, ओल राखावी आणि पावसापासून झाकावे. 90 ते 120 दिवसांत खत तयार होते. आषाढी पौर्णिमेला भरलेला हौद आश्विन पौर्णिमेनंतर, वर्षावास संपताच, उघडण्याजोगा होतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाजर गवत भारतात प्रथम 1955-56 च्या सुमारास आपल्या पुण्यातच नजरेस आले. त्याने अंगाला खाज सुटते, श्वासाचा त्रास होतो. ते फुलोऱ्यापूर्वीच हातमोजे घालून मुळासकट उपटावे. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि बी खतात गेले तर पुढल्या वर्षी तेच उगवते. दुसरे, झुडपे काढताना मोठ्या झाडाला कोयता लावू नये. 1975 च्या कायद्याने शहरात झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

बंधू-भगिनींनो, पुढच्या श्रमदानाला विळा-कोयत्याबरोबर शेणाची पाटीही आणा. जागा साफ झाली असे तेव्हाच म्हणा, जेव्हा तिचा पाला दुसऱ्या कोणाला वाहावा लागणार नाही.

जय भीम!