मिठाची तेरीज

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रावर लिहावे, हे कुणालाही विचित्रच वाटेल. पण या विषयाचे माझ्याकडे जुने देणे आहे. चार वर्षांपूर्वी पी.यू.सी.ला मी सायन्सला होतो. रसायनशास्त्रात नापास झालो आणि कॉमर्सला आलो. घरी सांगितले, "मला व्यापाराची आवड आहे."

यंदा धाकटा भाऊ सायन्सला आहे. पेपरच्या आदल्या रात्री तो वही घेऊन माझ्यापुढे बसला. "दादा, तू नुसती बेरीज तपास." गणित मिठाच्या लॅटिस एनर्जीचे होते. मला पाडले होते ते याच गणिताने!

मिठाच्या एक मोल स्फटिकाचे वायुरूप, सुटे आयन करायला लागते ती ऊर्जा म्हणजे लॅटिस एनर्जी. ती थेट मोजता येत नाही. म्हणून १९१९ साली बॉर्न आणि हाबर यांनी वळसा घालून जाणारी वाट काढली. तिला आधार हेसच्या १८४० मधल्या नियमाचा. आरंभ आणि शेवट तेच असतील, तर वाट कोणतीही घ्या, उष्णतेचा एकूण हिशेब तोच येतो.

हिशेब असा. मीठ मोडून सोडियम आणि क्लोरीन वेगळे करायला ४११.२ किलोज्यूल लागतात. सोडियमची वाफ करायला १०८.४, अर्धा मोल क्लोरीनचे रेणू फोडायला १२१ आणि सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६. हा सगळा खर्च. क्लोरीन तो इलेक्ट्रॉन घेतो, तेव्हा ३४८.६ परत मिळतात. शिल्लक ७८८.

भावाचे उत्तर होते १४८५.२. पुस्तकातल्या उत्तराशी फरक ६९७.२.

आमचे आजोबा रविवार पेठेत एका अडत दुकानी दिवाणजी होते. ते म्हणत, "तेरीज जुळेना, तर फरक निम्मा कर आणि ती रक्कम शोध. जमेची रक्कम नावे पडली, की फरक दुप्पट पडतो." मी निम्मे केले. ३४८.६! क्लोरीनने दिलेली ऊर्जा भावाने खर्चात धरली होती.

मी खूश झालो. तो मात्र म्हणाला, "परीक्षेत पुस्तकातलं उत्तर कुठं असतंय दादा?"

खरेच होते. तेरजेला दोन बाजू असतात, म्हणून चूक बोलते. इथे हवा असलेला आकडाच शिलकीचा. बाकी कुठेही चुकलात, तरी ती चूक मुकाट त्याच्या पोटात जाते.

"तिथं अधिक का लिहिलंस?" मी विचारले.

"इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी. गेन म्हणजे मिळणं. मग अधिकच की."

मी गप्प झालो. चार वर्षांपूर्वी मीही हेच लिहिले होते, याच कारणाने. शंका मला वर्गातच आली होती. मराठी शाळेतून आलेला मी. मनात इंग्रजी वाक्य जुळवीत राहिलो आणि तास संपला. सरांना कन्नड येत होते, मलाही येत होते. पण सायन्सच्या वर्गात कन्नडमधून विचारले तर हसतील, असे वाटले. व्यापाराची आवड पुढे लागली, ती खरी. पण आधी लागली नव्हती. हे सारे त्या रात्री पहिल्यांदा भावाला सांगितले.

मग आम्ही प्रत्येक पायरीपुढे मराठीत एकच शब्द लिहिला: 'लागली' किंवा 'सुटली'. इलेक्ट्रॉन क्लोरीनला मिळतो, ऊर्जा मात्र बाहेर सुटते, म्हणून वजा. चिन्हे आपोआप जागेवर बसली.

दुसऱ्या दिवशी पेपरात गणित आले, पण दुसऱ्याच क्षाराचे. भावाने प्रश्नपत्रिका दाखवली. कडेला पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिले होते: लागली, लागली, लागली, सुटली.

गुण पडायचे ते पडोत. आपल्या कॉलेजात यंदा आलेल्यांना मात्र एवढेच सांगतो: शंका मराठीत आली तर मराठीत विचारा, कन्नडमध्ये आली तर कन्नडमध्ये. हसणारे दोन मिनिटे हसतील. न विचारलेल्या शंकेने माझी वाटच बदलली.