इराण्याकडची न्याहारी

इंग्लंडमधील जुन्या चहागृहांचे वर्णन आपण कादंबऱ्यांतून वाचलेले असते. चिनी मातीची किटली, भाजलेला पाव, लोणी, अंडे आणि कसलीही घाई नसलेली माणसे! १८६४ साली लंडनमधील एरेटेड ब्रेड कंपनी या पावाच्या कंपनीने आपल्या दुकानात चहा देण्यास आरंभ केला आणि तेथून ही प्रथा फोफावली, असे मानतात. एकट्या स्त्रीने निःसंकोच बसावे अशी सार्वजनिक जागा त्या काळी दुर्मीळ होती. ती या चहागृहांनी दिली. असा अनुभव घेण्यासाठी सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही. आपल्या मुंबईत त्याचा एक सख्खा भाऊ आहे. त्याचे नाव इराण्याचे हॉटेल.

घाटकोपरहून रविवारी सकाळी धीमी गाडी पकडावी. सुमारे पाऊण तासात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येते. तेथून महापालिका भवन, आझाद मैदान, कामा रुग्णालय आणि सेंट झेवियर्स महाविद्यालय यांच्या कडेने पायी चालत धोबी तलाव गाठावा. रविवारी हा रस्ता मोकळा असतो आणि न्याहारीपूर्वी पंधरा-वीस मिनिटांचे चालणे आपोआप घडते. मेट्रो चित्रपटगृहासमोर ‘कयानी आणि कंपनी’ १९०४ सालापासून उभी आहे. ग्रँट रोड स्थानकासमोरील ‘मेरवान’ १९१४ सालचे, तर बॅलार्ड इस्टेटमधील ‘ब्रिटानिया’ १९२३ सालचे.

इराणमधील यझ्द आणि करमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी जे झरतुष्ट्री लोक मुंबईस आले, त्यांतील अनेकांनी ही हॉटेले थाटली. नाक्यावरची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती घेत नसत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, दोन बाजूंनी उजेड येणारी ही नाक्यावरची दालने, संगमरवरी पृष्ठाची मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि गल्ल्याशेजारी बिस्किटांच्या बरण्या हे दृश्य मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी पाहिले. कुटुंबासाठी निराळी ‘फॅमिली रूम’ही असे. कधी काळी शेकड्यांनी असलेली ही हॉटेले आता मोजकीच उरली आहेत.

आता एका डॉक्टरच्या नजरेने मेजावर पाहू. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव. तो मैद्याचा असतो. त्यात चोथा नगण्य. दहा ग्रॅम लोण्यातून सुमारे ७० कॅलरी मिळतात, आणि इराण्याचा हात मस्का लावताना दहा ग्रॅमवर थांबेलच याची हमी नाही. खारीच्या पदरांत मैद्याइतकेच स्निग्ध पदार्थाचे राज्य असते. पूर्वी बेकरीतील वनस्पती तुपामुळे ट्रान्स फॅटची मोठी चिंता असे. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले व स्निग्ध पदार्थांत त्याचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असा नियम आहे. तरीही खारी ही रोजची न्याहारी नव्हे. त्यापेक्षा कांदा, मिरची, कोथिंबीर घातलेली अकुरी किंवा आम्लेट मागवावे. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि पोट दुपारपर्यंत तक्रार करीत नाही. ब्रून-मस्का एक मागवून दोघांत वाटून घ्यावा. चव तीच राहते, भार निम्मा होतो.

चहा मात्र विचारपूर्वक घ्यावा. ‘पानी कम’ म्हणजे दुधाळ, दाट चहा. त्यात साखर बहुधा आधीच मिसळलेली असते, म्हणून मागवतानाच सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाची वरून घातलेली साखर सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास उत्तम. दीड चमचा साखरेचे चार चहा झाले की ही मर्यादा चहातच संपते.

अंगात लोह कमी असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चहातील टॅनिनमुळे धान्य-भाज्यांतील लोह नीट शोषले जात नाही. आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. म्हणून माझ्या भगिनींनी लोहाची गोळी चहाबरोबर कधीही घेऊ नये. जेवण आणि चहा यांतही तासाभराचे अंतर ठेवावे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतल्यावर अर्धा ते एक तास चहा टाळावा.

इराण्याकडची बशी मात्र मला वैद्यकदृष्ट्या प्रिय आहे. ६५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक उष्ण पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली नमूद केले. चहा बशीत ओतून निववून पिणारे आपले आजोबा अडाणी नव्हते.

मधुमेही वाचकांना एक कळकळीची सूचना आहे. साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन घरी घेऊन, उपाशीपोटी, ‘तिकडे जाऊन खाऊ’ म्हणत गाडीत बसू नये. गाडी रखडली तर दरदरून घाम, थरथर, गोंधळणे अशी लक्षणे दिसू शकतात. मात्रेची वेळ आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठरवावी आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. तीन चमचे साखर त्या क्षणी औषध ठरते.

इतके पथ्य सांगूनही मी तुम्हांला तेथे जाण्याचा आग्रह करतो, याचे कारण मेजावरील पदार्थांत नाही. २०१४ साली मेट्रो सुरू झाल्यापासून आमच्या घाटकोपर स्थानकावरील गर्दी पाहावी. एका हातात वडापाव, दुसऱ्या हातात फोन आणि नजर फलकावर. माझ्याकडे आम्लपित्ताची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी ‘काय खाता?’ इतकेच विचारीत नाही. ‘कोठे बसून खाता?’ असेही विचारतो. बरेच जण या प्रश्नावर हसतात. दुसरीकडे, जोडीदार गेल्यानंतर ‘एकट्यासाठी कोण करणार?’ म्हणून चहात दोन खाऱ्या बुडवून सकाळ काढणारे वृद्ध असतात. वजन उतरते, बोलणे कमी होते, आणि घरच्यांना वाटते की वयच झाले.

अशा आजोबांना किंवा आजींना एका रविवारी सोबत न्या. इराण्याकडे त्यांच्या तरुणपणाचा एखादा तुकडा अजून शिल्लक असतो. ते आपणहून बोलू लागतात आणि बोलता बोलता अंडे-पाव संपवतात. जाणे जमले नाही, तर घाटकोपरातच घरच्या मेजावर वीस मिनिटे फोन दूर ठेवून सर्वांनी एकत्र न्याहारी करा. पोहे असोत, थालीपीठ असो वा उकडलेले अंडे, ते बसून, चावून आणि कोणाशी तरी बोलत खा.