माळ्यावरचा जुना अँप

मंडळी, आज भाजीची नाही, यंत्राची नोंद.

उत्तनच्या घरी माळ्यावर जुना व्हॉल्वचा अँप्लिफायर निघाला. पूर्वी लग्नात गिटार यावरच वाजायची. खाऱ्या हवेने कंपनीची पट्टी पार गंजलेली. भंगारवाला वजनावर मागत होता. म्हटलं, आधी ओळख पटवू.

ओळख व्हॉल्ववरच्या नंबरात असते. आत एक ईसीसी83 आणि दोन ईएल84, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. 'ई' म्हणजे 6.3 व्होल्टचा हीटर, 'एल' म्हणजे पॉवरचा व्हॉल्व, 8 म्हणजे नऊ पिनांचा. ईएल84 ची जोडी साधारण 15 वॅट देते. इंग्लंडच्या नावाजलेल्या व्हॉक्स एसी15 गिटार अँपमध्ये हीच जोडी. मग भंगारात कसा द्यायचा?

असा अँप सापडला तर थेट प्लगात घालू नका. पंपाचा कपॅसिटर बसतो तसे यातलेही बसतात. आणि प्लग काढल्यावरही त्यांत 300 व्होल्ट डीसी साठून राहू शकतो, जीव जाईल. मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात नाही.

आमचं काम जुन्या रेडिओ मेकॅनिककडून करून घेतलं: कपॅसिटर नवे, टर्मिनल साफ, दोन पिनच्या जागी अर्थिंगवाली तीन पिनची वायर. मग स्पीकर जोडून, 100 वॅटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये चालू. बल्ब आधी पेटून मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे.

आमचा मंद झाला. गिटार वाजली!

तुमच्या भजनी मंडळाचा अँप पडून आहे का? विकण्याआधी व्हॉल्वच्या नंबराचा फोटो टाका.