सोंग बदलून

मॉरोविंड नावाचा खेळ सुरू होतो तो कचेरीत. गलबतातून आणलेल्या कैद्याला धक्क्यावर उतरवतात, कोण कुठला ते विचारतात. मग शिरगणती आणि जकातीच्या कार्यालयातला म्हातारा कारकून धंदा विचारतो, जन्मरास विचारतो आणि भरलेला कागद हातात देऊन पुढच्या इमारतीतल्या अधिकाऱ्याकडे पिटाळतो. राजकन्येला कुणी पळवलेलं नाही, गावावर ड्रॅगन उतरलेला नाही. नुसता फॉर्म भरून झालाय. दार ढकलून बाहेर यावं तर समोर दलदल, आणि ताडासारख्या पायांवर उभा एक अवाढव्य किडा, ज्याची पाठ पोखरून लोक तिच्यात बसून गावोगाव जातात. आणि तुम्ही? तुम्ही सगळ्यांना परके.

बेथेस्डा या अमेरिकी कंपनीनं २००२ साली काढलेला हा खेळ मी अजून खेळतो. मयूर विहार फेज वनमध्ये नोव्हेंबर लागला की संध्याकाळी खिडक्या बंद करून धुरकं बाहेर ठेवावं लागतं, तेव्हा तर जास्तच. पाठ झाला असेल ना एव्हाना, असं विचारणारे भेटतात. झालाय की. खेळ ज्या बेटावर घडतो, तिथल्या पुष्कळ वाटा मी कागद न बघता चालू शकतो.

पण ही माहिती माझी; मी जे सोंग घेऊन तिथं उतरतो, त्याला ती नसते. एकदा मी कजीत म्हणून उतरलो. म्हणजे मांजराच्या तोंडाचा, शेपटीचा माणूस. पहिला धक्का बसला तो पायांशी. कजीताला जोडे चढत नाहीत, तोंड झाकणारं शिरस्त्राण बसत नाही. मग दिसायला लागलं की या बेटावर कजीत गुलाम म्हणून राबतात, तेल्व्हान्नी जादूगारांच्या मळ्यांत. ते मळे मी आधीही पाहिले होते, वाटेत लागले म्हणून. आता तिथं माझ्यासारख्याच तोंडाची माणसं मनगटात कडी घालून उभी होती. बेटाचा दगडही हललेला नव्हता.

मयूर विहारात भाड्यानं घर शोधलेल्याला यात नवल वाटू नये. इथल्या कितीतरी वसाहती माणसांनी आपापला गट जमवून उभारलेल्या. पत्रकारांचं समाचार अपार्टमेंट्स, मल्याळी मंडळींचं गुरुवायुरप्पन मंदिर, पलीकडे जुनं चिल्ला गाव, त्याच्याही पलीकडे यमुनेच्या खादरातली भाजीची शेतं. या एवढ्याशा भागात केरळची नर्स घर शोधते तेव्हा तिला दिसणारा मयूर विहार वेगळा, बिहारहून आलेल्या विद्यार्थ्याला भेटणारा वेगळा. मला एका घरमालकानं विचारलं होतं, ‘‘मराठी? मतलब बंबई?’’ कुडाळ म्हटल्यावर तो गप्पच झाला. मग हळूच म्हणाला, ‘‘मछली तो नहीं बनाते?’’ मी कारकुनासमोर उभा राहून फॉर्म भरत होतो. फरक इतकाच, की तिथं उत्तर बदलून पुन्हा उतरता येतं.

मात्र नुसतं तोंड बदलून भागत नाही. पुन्हा खेळावासा वाटणारा खेळ ओळखायची माझी खूण अगदी कोती आहे: त्यानं मला काहीतरी नाकारलं पाहिजे. मॉरोविंडमध्ये तीन मोठी घराणी आहेत. व्यापारी ह्लालू, मानापानाचे कट्टर रेडोरान, आणि एकमेकांचे गळे कापत वर चढणारे जादूगार तेल्व्हान्नी. एकात शिरलात की उरलेल्या दोघांची दारं बंद. ह्लालूंचा माणूस म्हणून मी बाल्मोराच्या मातकट घरांत हिंडलो, त्या अवघ्या काळात रेडोरानांच्या आल्ड-रून शहरातलं खेकड्याचं ते प्रचंड कवच मला पाहुण्यासारखंच पाहावं लागलं. त्या कवचाच्या पोटात हवेल्या आहेत, तिथं कारस्थानं शिजतात, आणि मला त्यातलं कुणी काही सांगत नाही. ही जी चुटपुट लागते, तिच्याच जोरावर माणूस पुन्हा पहिल्या कचेरीत जाऊन उभा राहतो.

त्याच कंपनीचा २०११ चा स्कायरिम पाहा. दिसायला कितीतरी सुंदर, बर्फ तर असं की पाय गार पडावेत. पण तिथं यादवी युद्धात एक बाजू घ्यावी लागते, तेवढं सोडलं तर कुणी कशाला नाही म्हणत नाही. एकच माणूस जादूच्या विद्यापीठाचा प्रमुखही होतो, चोरांच्या टोळीचा म्होरक्याही आणि मारेकऱ्यांचा नायकही. महत्त्वाच्या कित्येकांना तलवार लागली तर ते गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळानं उठतात. खूप खेळलो, मान्य करतो. पण दुसऱ्यांदा सुरू केला तेव्हा नव्यानं व्हायला काही शिल्लकच नव्हतं.

दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला सोंगाचं हे मर्म लवकर कळतं, असं मला उगीच वाटतं. जत्रेच्या रात्री आधी आडदशावतार, गणपती, संकासुर, आणि मग पहाटेपर्यंत आख्यान. गोष्ट सगळ्यांना माहीत. कुणाचा वध व्हायचा, कुणाचं लग्न लागायचं, हे पुढच्या रांगेत पेंगणाऱ्या पोरालाही ठाऊक. पण लिहिलेली संहिता नाही. कोण कुठलं पात्र करणार ते ठरतं, आणि मग राजा आणि राक्षस एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं चढवत रात्र काढतात. एक बाकडं असतं, तेच सिंहासन आणि तोच डोंगर. काल राजा झालेला नट आज खलनायक झाला की कालच्याच आख्यानाचा वजनकाटा दुसरीकडे झुकतो. रात्रीचो राजा, सकाळी कपाळार बोजा, ही म्हण त्यांच्या पोटापाण्याबद्दल आहे. तरी पहाटे मॉनिटर बंद करून दूध आणायला खाली उतरताना ती मला आठवते.

नवेपणा आणायची आणखी एक स्वस्त युक्ती आहे, दैवाची. १९८० च्या रोग या खेळात दर वेळी नवं तळघर तयार व्हायचं, पुढे डायब्लोनं तीच चाल उचलली. आपला मोक्षपटही कवड्यांवरच चालतो. त्यात मजा आहे, पण ती दान पडण्याची मजा आहे. अंधारी खोली डावीकडे आली काय आणि उजवीकडे आली काय, माझ्याबद्दल तिचं काही मत नसतं.

याच्या दुसऱ्या टोकाला १९९९ चा प्लेनस्केप: टॉरमेंट. त्यातला नायक शवागारात जागा होतो. त्याला मरण नाही, नाव नाही, आठवण नाही. मात्र याआधी तो कित्येकदा जगून गेलाय, आणि त्या आधीच्यांनी ठेवलेलं पुढं जागोजागी सापडत राहतं: पाठीवर गोंदलेल्या सूचना, फसवलेली माणसं, स्वतःसाठीच लावलेले सापळे. पुन्हा खेळणं हीच तिथली कथा. त्यात अक्कल कमी आणि ताकद जास्त असा गडी घडवला, तर संभाषणात बोलायची वाक्यंच कमी होतात. खेळाला ते कळतं, पण तो तुम्हाला कळू देत नाही. हे मला फार सभ्यपणाचं वाटतं.

एवढं झाकून ठेवायला छाती लागते. वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्टनं २०११ च्या द विचर २ मध्ये मधला भाग दोनदा बांधला. रोश नावाच्या पात्राबरोबर गेलात तर लष्कराची छावणी, इओरवेथ नावाच्या पात्राबरोबर गेलात तर वेढ्यात सापडलेलं बुटक्यांचं गाव. एकदाच खेळणाऱ्याच्या नजरेला त्यातलं एक कधी पडणारच नाही, हे ठाऊक असून दुसऱ्यावरही तेवढीच मेहनत घेतलेली. आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा २०२० चा राजी देखणा आहे, पण त्याची जात निराळी आणि वाट एकेरी. माझ्या खुणेला उतरतो तो २०१४ चा अनरेस्ट, पायरोडॅक्टिल या भारतीय चमूनं केलेला. दुष्काळानं पिचलेलं एक कल्पित प्राचीन नगर. कधी तुम्ही लग्न ठरवलेली खेड्यातली मुलगी असता, कधी राजकन्या. एखादं पात्र हातचं गेलं तरी गोष्ट थांबत नाही. मला तो चित्रांत जरा कोरडा वाटतो, पण त्या मुलीनं घरच्यांना काय उत्तर द्यावं यावर मी जितका रेंगाळलो, तितका कुठल्या ड्रॅगनपुढेही रेंगाळलेलो नाही.

सध्या भाचा शिकायला म्हणून माझ्याकडे राहतो. मॉरोविंड त्यानंही सुरू केलाय, आणि माझ्याकडून काही विचारायचं नाही असा त्याचा पण आहे. परवा त्यानं भलत्याच माणसाला मारलं. असं झालं की हा खेळ एक संदेश दाखवतो: भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह उघडा, नाहीतर या बुडालेल्या जगात असेच राहा. मी दर वेळी निमूट मागं गेलेलो. पठ्ठ्या राहिला. हिंडत हिंडत तो अशा एका गुहेत पोचला, की मला उठून बसावं लागलं.

‘‘मामानू, हय तुमी कदी इलासच नाय?’’

नव्हतो आलो. त्यानं ते चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि फार खूश झाला. घराणं म्हणून त्यानं तेल्व्हान्नी निवडलंय. त्यांचे मनोरे म्हणजे वाढवलेल्या अळंब्या, आणि वर जायला जिना नाही. हवेत तरंगायची विद्या नसेल त्यानं यायचंच नाही, असा त्यांचा खाक्या. पुढच्या खेळांतून ही तरंगण्याची विद्याच काढून टाकली. काल रात्री मी भाताला फोडणी देत होतो, तेवढ्यात आतून हाक आली. तरंगायचं औषध त्याच्याकडे एकच होतं, आणि ते चढताना संपलं होतं.

‘‘मामानू, आता खाली कसो उतरू?’’

‘‘विचारायचं नाही ठरलंय ना आपलं?’’ मी म्हटलं, आणि झाकण ठेवलं.