तीन महिन्यांचं भाडं आणि एक सोबतीण

रमजानात आमच्या मोहल्ल्यात देणाऱ्या हातांची कमी नसते. शिरखुर्म्याचं सामान घरोघर पोहोचतं, कपडे वाटले जातात, फितरा ईदच्या नमाजआधी निघतो. अल्लाह सगळ्यांचं कबूल करो. पण घर मोडायचं तर ते महिना बघून मोडत नाही. यवतमाळ जिल्ह्यात जिनिंगचा हंगाम संपला की हमालीचे खाडे सुरू होतात, पावसात मिस्त्रीकाम थांबतं. दोन खोल्यांचं भाडं आणि विजेचं बिल मात्र बाराही महिने येतं.

शाळेत ही गोष्ट आधी हजेरीपटावर दिसते. मूल आठवडाभर येत नाही. चौकशी केली की कळतं, खोली सोडावी लागली, आता गावाबाहेरच्या वस्तीत मामाकडे राहतात, तिथून शाळा लांब पडते. पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण हे सगळं शाळा देते. राहण्याची जागा गेली की ते सगळं वाया जातं.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील वारले. आई इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "बाजी, तीन महिन्यांचं भाडं थकलंय. लाइटवाल्यांची नोटीस आलीय." भाडं महिन्याला अडीच हजार, बिल एकोणीसशे. म्हणजे नऊ हजार चारशे रुपयांवर ते घर अडलं होतं. आधीच्या महिन्यात त्याच घरी नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून धान्याची इतकी पोती आणली होती, की ठेवायला जागा नव्हती.

चार बायकांनी मिळून पैसे जमवले. पण खरं काम त्यानंतरचं होतं. कमावता माणूस अठरा ते एकोणसाठ वयात गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच वीस हजार रुपये मिळतात. निराधार विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला दीड हजार मिळू शकतात. दोन्हीचे अर्ज तहसीलमध्ये. इद्दतीतल्या बाईला गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर पडायची मुभा आहे, असं उलेमा सांगतात. मोहल्ल्याच्या नजरेत ती मुभा नसते. मग अर्ज पडून राहतात आणि कर्ज वाढत जातं.

त्यात नावांचा घोळ. उर्दूत एकच असलेलं नाव रेशन कार्डावर 'रशिद', आधारवर 'रशीद', मृत्यूच्या दाखल्यावर 'अ. रशीद', आणि 'शेख' कधी पुढे तर कधी मागे. खिडकीवरचा माणूस कागद परत करतो. उर्दू आणि मराठी दोन्ही येणाऱ्या माणसानं अर्धा दिवस दिला, प्रतिज्ञापत्र करून दिलं, तर ही गाठ सुटते. त्या घराची सुटली. मुलगी त्याच शाळेत शिकते आहे.

हे काम आपल्या जिल्ह्याला नवं नाही. शेतकरी आत्महत्यांच्या काळात, 2015 साली, शासनानं यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केलं. गावपातळीवर समित्या नेमल्या. अडचणीतलं घर गावानंच ओळखावं आणि वेळेवर हात द्यावा, हा त्यामागचा विचार होता. प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करत. अंमलबजावणीबद्दल तक्रारी असतील, पण विचार बरोबर होता. संकटातलं घर स्वतःहून दार ठोठावत नाही, आपल्यालाच त्याच्या दारात जावं लागतं. ज्यांच्या नावावर सातबारा नाही अशा भाडेकरू मजुराच्या दारात मात्र कोणी जात नाही.

ते आपण करू शकतो. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्यासोबत कर्जात बुडालेलेही आहेत. ब्रिटनमध्ये नॅशनल जकात फाउंडेशन ही संस्था तिथली जकात तिथल्याच गरजूंना देते, त्यात घरभाड्याची अडचणही येते. आपल्याकडे हनफी मसलकात तमलीकची अट आहे, म्हणजे रक्कम हक्कदाराच्या मालकीची झाली पाहिजे. त्यामुळे पैसे त्याच्या हाती द्यावेत. थेट घरमालकाला द्यायचे असतील, तर आधी हक्कदाराची परवानगी घ्यावी आणि इमामसाहेबांना मसला विचारावा.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक मशिदीच्या बैतुलमालमध्ये जकातीचा एक हिस्सा वर्षभरासाठी बाजूला ठेवावा, फक्त भाडं आणि वीजबिलासाठी. आणि प्रत्येक घरामागे एक माणूस नेमावा, बाईच्या घरी बाईच. तिनं सहा महिने त्या घराशी संबंध ठेवावा. घरमालकाशी बोलावं, हप्ते ठरवून घ्यावेत. वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे तिला माहीत असावं. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरता येते. तेवढ्यानं वाद मिटेपर्यंत वीज राहते.

वहीत नाव लिहावं, पण ती वही मिंबरवरून वाचू नये. फोटो तर मुळीच नको. मदत घेणाऱ्या घरातली मुलगी उद्या माझ्या वर्गात बाकीच्या मुलींसोबत बसते. तिची मान ताठ राहिली पाहिजे.

पुढच्या रमजानपर्यंत थांबायचं कारण नाही. आपल्या गल्लीतलं एखादं घर आत्ताच दुसऱ्या महिन्याच्या थकबाकीत असेल. तिसरा महिना लागायच्या आत त्या दारात कोणीतरी जायला हवं.