कापलेला फोटो आणि फ्लॅशचं ब्रॅकेट



तुमच्याकडे चांगला कॅमेरा आहे हे पलटणीत एकदा कळलं, की तुमचा रविवार तुमचा राहत नाही. २००९ साली मी कॅननचा ४५०डी घेतला, सोबत ४३०ईएक्स टू हा फ्लॅश. पुढे आमची पलटण द्रासला गेली आणि मी हवालदारकीबरोबर फोटोग्राफरही झालो. पोस्टचे, हत्यारांचे फोटो काढायला मनाई. पण बडाखाना, प्रमोशन, गणपती हे साहेबांच्या परवानगीनं चालायचं. आणि प्रत्येक जवानाला हवा असायचा एकच फोटो : वर्दीत, ताठ उभा, घरी पाठवायला.

उभ्या माणसासाठी कॅमेराही उभा धरावा लागतो. घोळ तिथेच होतो. कॅमेरा आडवा असतो तेव्हा फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर असतो आणि सावली माणसाच्या पाठीमागे, खाली पडते. कॅमेरा उभा केला की फ्लॅश लेन्सच्या एका बाजूला जातो आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर माणसाची काळीकुट्ट सावली उमटते. मला हे दिसत होतं. पण पोरं फोटोवर खूश होती, म्हणून मीही कानाडोळा केला.

आमच्या कंपनीतला माण तालुक्यातला एक पोरगा लान्स नाईक झाला. उजव्या बाहीवर फीत लागली, त्याच संध्याकाळी बराकीच्या भिंतीसमोर मी त्याचा फोटो काढला. सुट्टीवर गेल्यावर त्यानं तो तालुक्याच्या स्टुडिओत मोठा करून घेतला आणि आईला दिला.

उन्हाळ्यात मी सुट्टीवर निघालो तेव्हा त्यानं आईसाठी कारगिलच्या सुक्या जर्दाळूंची पिशवी माझ्याकडे दिली. मी साताऱ्याचाच, वाट वाकडी करून गेलो. माउलीनं चहा ठेवला. भिंतीवर देवांच्या शेजारी तो फोटो होता, पण चौकटीत एका बाजूला सरकल्यासारखा. जवळ जाऊन पाहिलं. फोटोची एक कड कात्रीनं कापलेली होती. सावली गेली होती आणि तिच्याबरोबर पोराचा उजवा दंडही गेला होता, नव्या फितीसकट.

"मावशी, हे असं का कापलं?"

"दादा, त्याच्या अंगाला खेटून ते काळं कोन उभं हुतं? रोज दिवा लावताना तेच दिसायचं. पोरगं तिकडं बर्फात. माजा जीव थाऱ्यावर ऱ्हाईना. मग एक दिस घेतली कात्री."

ती फ्लॅशची सावली आहे, हे मी समजावून सांगितलं. ती "असंल" म्हणाली आणि चहा गाळायला उठली. फौजी माणसाच्या फोटोत हात नाही, हे मला बघवेना. कात्री तिची असली तरी चूक माझी होती.

परतताना दिल्लीत एक दिवस हाताशी होता. चांदनी चौकातल्या कुचा चौधरीत कॅमेऱ्यांची दुकानं ओळीनं आहेत, तिथं गेलो. दुकानदारानं आधी विचारलं, छतावर फ्लॅश मारून उजेड खाली का आणत नाही? बरोबरच आहे, पांढरं छत असेल तर त्यासारखा उजेड नाही. पण आमच्या बराकीचं छत बुखारीच्या काजळीनं काळं, आणि बडाखान्याचा शामियाना लाल-पिवळा. त्यावर आपटून आलेला उजेड चेहरेही लाल-पिवळे करतो. माणसाला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे उभा करणं हा फुकटचा उपाय. त्यालाही जागा लागते. आमच्याकडे दोन खाटांच्या मधे उभं राहायचं.

त्यानं तीन ब्रॅकेटं समोर ठेवली. मी त्याच्या हाताखालच्या पोराला शटरला टेकवून उभा केला आणि तिन्हींवर फोटो काढले.

पहिलं साधं, एल आकाराचं, फ्लॅश डाव्या हाताला. कॅमेरा उजवी मूठ खाली घेऊन उभा केला तर फ्लॅश बरोबर लेन्सच्या वर येतो. पण मूठ वर घेतली तर फ्लॅश खाली जातो आणि चेहरा भुतासारखा दिसतो. आडव्या फोटोत तर सावली पुन्हा बाजूलाच.

दुसऱ्याला सांध्याचा दांडा. कॅमेरा उभा केला की दांडा वळवायचा, फ्लॅश पुन्हा लेन्सच्या वर, वीतभर उंच. तिसऱ्यात फ्लॅश जागेवरच राहतो आणि कॅमेराच चौकटीत फिरतो. काम सुरेख, पण वजनदार आणि सांधेही जास्त. पाठीवरच्या पिठ्ठूत आधीच काय कमी असतं?

मी दुसरं घेतलं. घेण्याआधी तीन गोष्टी पाहिल्या, तुम्हीही पाहा. ब्रॅकेट बसवल्यावर कॅमेऱ्याच्या बुडाचं बॅटरीचं झाकण उघडतं का? बुडाचा स्क्रू आवळून कॅमेरा उभा केला आणि जरा हलवला, तर तो पट्टीवर फिरतो का? पट्टीला रबर आणि मागे छोटी कड असेल तर फिरत नाही. तिसरी गोष्ट, हातमोजे घालून सांधा वळवता येतो का?

आणि केबल. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला की मधे केबल लागते. स्वस्त केबल फ्लॅश फक्त उडवते. टीटीएल केबल कॅमेऱ्याचं मोजमाप फ्लॅशपर्यंत पोचवते, म्हणून उजेड हवा तेवढाच पडतो. मला ती ब्रॅकेटपेक्षा महाग पडली, पण तिथे काटकसर केली नाही.

द्रासला पोचल्यावर एकच सुधारणा केली. थंडीत उघडं अ‍ॅल्युमिनियम हाताला चावतं, म्हणून मुठीवर सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळली.

मग त्या लान्स नाईकला बोलावलं. "मागचा फोटो बिघडला होता," एवढंच म्हणालो. कात्रीचं सांगितलं नाही. तीच भिंत, तीच वर्दी. स्क्रीनवर पाहिलं. ब्रॅकेटनं सावली नाहीशी होत नाही, ती फक्त माणसाच्या पाठीमागे जाऊन उभी राहते. आईला दिसली नाही म्हणजे झालं. दंड आणि फीत स्वच्छ आले होते.

पुढच्या सुट्टीत मीच तो फोटो छापून घेऊन गेलो. माउलीनं हातात धरून बराच वेळ पाहिला, उजव्या बाहीवरून बोट फिरवलं. मग चौकट उतरवली आणि खिळे उचकटून नवा फोटो आत घातला. जुना, कापलेला फोटो तिनं काढला नाही. तो नव्याच्या मागेच ठेवला.

मी विचारलं, "तो कशाला ठेवता मावशी?"

"पोराचाच हाय की. केरात कसा टाकू?"

जय हिंद!