पहिला घास आणि पहिला शब्द

स्वयंपाक ही अशी कला आहे, की तिची निर्मिती तासाभरात नाहीशी होते. भरतकाम केलेला अभ्रा वर्षानुवर्षे मिरवतो, हाताने विणलेला स्वेटर चार हिवाळे काढतो. पण दोन तास खपून केलेली भरली वांगी पंधरा मिनिटांत संपतात आणि मागे उरतात ती खरकटी भांडी. 'संपली ना, मग झाले!' असे म्हणून बहुतेक गृहिणी पातेले नळाखाली ठेवतात. मनातून मात्र प्रत्येकीला वाटत असते, की कोणीतरी घास घेऊन क्षणभर थांबावे आणि काहीतरी बोलावे.

घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांच्या टीव्हीवरील स्पर्धा या एवढ्याशा इच्छेवर उभ्या आहेत. झगमगाट, नामवंत शेफ, बक्षिसाची रक्कम हा सारा वरचा साज. ज्या क्षणी घराघरांतली माणसे ताटातला घास हातात तसाच धरून पडद्याकडे पाहू लागतात, तो क्षण परीक्षकाने पहिला घास तोंडात घेण्याचा असतो. कॅमेरा परीक्षकाच्या चेहऱ्यावरून स्पर्धकाच्या चेहऱ्यावर जातो, पार्श्वसंगीत थांबते आणि समोर हात मागे बांधून उभी असलेली गृहिणी श्वास रोखून धरते. तो श्वास पाहणाऱ्या गृहिणीच्या ओळखीचा असतो. पाहुण्यांच्या पंगतीत वाढताना तिनेही तो कितीदा रोखलेला असतो.

सभागृहातून पडद्यावर

पाककला स्पर्धा मराठी घरांना नव्या नाहीत. महिला मंडळाचे हळदीकुंकू असो की सोसायटीचा गणेशोत्सव, लांब टेबलावर पांढरी चादर अंथरून त्यावर बशा मांडल्या जात. टोमॅटोचे गुलाब, गाजराची फुले आणि प्रत्येक बशीपुढे पदार्थाचे नाव लिहिलेली चिठ्ठी. विषयही घरचेच: मोड आलेल्या कडधान्याचा पदार्थ, शिळ्या पोळीचा पदार्थ, उपासाचा पदार्थ. परीक्षक बाई चमच्याच्या टोकावर कणभर घेऊन चाखत आणि पुढे सरकत. पहिल्या क्रमांकाला स्टीलचा डबा मिळे. त्या डब्यात पुढे वर्षानुवर्षे तांदूळ राहत, पण घरात तो 'बक्षिसाचा डबा' म्हणूनच ओळखला जाई.

मग टीव्हीवर पाककृती आल्या. झी टीव्हीवर १९९३ साली 'खाना खजाना' सुरू झाले आणि संजीव कपूर घरोघरी पोहोचले. पुढे झी मराठीवरील 'आम्ही सारे खवय्ये'ने गावोगावच्या गृहिणींना कॅमेऱ्यासमोर उभे केले. पण ही प्रात्यक्षिके होती. त्यांत कांदा आधीच चिरलेला, नारळ आधीच खवलेला आणि जाहिरातींनंतर पदार्थ आपोआप तयार झालेला असे. तिथे कधीच काही करपत नसे.

ज्या स्पर्धेने हे चित्र बदलले, तिचा जन्म इंग्लंडमधला. फ्रँक रॉडम या दिग्दर्शकाच्या कल्पनेतून बीबीसीने १९९० साली 'मास्टरशेफ' सुरू केली. तेव्हा तिचे रूप साधे होते. तीन हौशी स्पर्धकांनी तीन पदार्थांचे जेवण रांधायचे आणि परीक्षकांनी ते चाखून निवड करायची. २००५ साली ती नव्या रूपात आली आणि २००९ साली ऑस्ट्रेलियात पोहोचताच तिने घराघरांना वेड लावले. तिथल्या पहिल्या पर्वाची विजेती ज्युली गुडविन ही तीन मुलांची आई. तिचा सारा भर घरगुती जेवणावर होता आणि नंतर आलेल्या तिच्या पुस्तकाचे नावही कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावरूनच ठेवलेले होते. भारतात ही स्पर्धा २०१० साली स्टार प्लसवर आली. पहिली विजेती ठरली लखनौची शिक्षिका पंकज भदौरिया. या स्पर्धेसाठी तिने सोळा वर्षांची नोकरी सोडली होती. शाळेतली पक्की नोकरी सोडून कोणी स्वयंपाक करायला जाते, हे ऐकून त्या वेळी अनेक घरांत भुवया उंचावल्या असतील आणि अनेक स्वयंपाकघरांत कोणीतरी मनातल्या मनात खूष झाले असेल.

बिघडलेल्या पदार्थाचा दिलासा

या स्पर्धांचा मोठा गुण असा, की त्यांनी पदार्थ बिघडताना दाखवला. चांगल्या चांगल्या स्पर्धकाचा पाक बसतो, केक मधोमध खचतो, भात गिचका होतो. घड्याळाचा काटा पुढे सरकत असतो आणि हातातली कढई ऐन वेळी दगा देते. हे पाहताना सोफ्यावर बसलेल्या गृहिणीला जो दिलासा मिळतो, तो कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकातून मिळत नाही. पुस्तक म्हणते, 'एकतारी पाक करावा.' तो एकतारीचा दोनतारी कधी होतो आणि मग लाडू दगडासारखे का वळतात, हे पुस्तकातून पुरते कळत नाही. पडद्यावरची बाई रडते तेव्हा पाहणारीला कळते, की दोष तिच्या एकटीच्या हाताचा नव्हता.

दुसरा गुण असा, की जे पदार्थ घराबाहेर कोणी मिरवत नसे त्यांना मानाचे ताट मिळाले. मेलबर्नमध्ये वाढलेल्या, बांगलादेशी कुटुंबातल्या किश्वर चौधरीने २०२१ साली ऑस्ट्रेलियातील अंतिम फेरीत पांता भात रांधला. रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, सोबत बटाट्याचे भरीत आणि मासळी. कष्टकऱ्यांच्या घरातली ही न्याहारी उपाहारगृहाच्या यादीत शोधून सापडायची नाही. तिचा क्रमांक तिसरा आला, पण अनेक बंगाली घरांत तो भात विजेत्याच्या पदार्थापेक्षा अधिक बोलला गेला. आपल्याकडच्या पेजेला, भाकरी-ठेच्याला, ताकातल्या कण्यांना असा मान कोणी दिला, तर मराठी घरांतही डोळे ओलावतीलच.

वयाचा आणि पुरुष-स्त्रीचा अडसरही या स्पर्धांनी थोडा सैल केला. २०२३ सालच्या भारतीय पर्वात मुंबईच्या उर्मिलाबेन आशर या सत्तरी ओलांडलेल्या गुजराती आजी तरुणांच्या रांगेत ओटा सांभाळत होत्या. त्याच पर्वात आसामचा नयनज्योती सैकिया विजयी झाला. मुलाने स्वयंपाकात रमावे हे ज्या घरांना अजून रुचत नाही, त्या घरांतली मुले हे पाहत होती.

अट आणि बक्षीस

तरीही या स्पर्धांची एक गंमत विचार करण्यासारखी आहे. त्यांत भाग घ्यायचा तर स्पर्धक व्यावसायिक स्वयंपाकी नसावा, घरचा असावा, ही मूळ अट. आणि जिंकल्यावर काय मिळते? पैसा, पुस्तक, स्वतःचा टीव्ही कार्यक्रम, उपाहारगृहाचे स्वप्न; म्हणजेच घरच्या स्वयंपाकातून बाहेर पडण्याचा रस्ता. ज्यांना तो रस्ता हवा आहे, त्यांनी तो जरूर धरावा. पण मग जी घरातच राहणार आहे, उद्या सकाळी साडेसहाला ज्या बाईला दोन डबे भरायचे आहेत, तिच्या कौशल्याला मोजायचे कशाने?

कारण तिची स्पर्धा फार वेगळी आहे. पडद्यावरच्या कोठारात दहा प्रकारच्या भाज्या आणि सात प्रकारचे चीज रचलेले असते. तिच्या फ्रिजमध्ये अर्धी कोबी, दोन मऊ पडलेले टोमॅटो आणि उद्यापर्यंत नासेल असे दूध असते. सासऱ्यांना मधुमेह, मुलाला वांगे नको, नवऱ्याला तिखट हवे, सासूबाईंचा उपास आणि महिनाअखेर जवळ आलेली. एवढ्या अटी घालून कोणत्याही नामवंत शेफला ओट्याशी उभे केले तर त्याला घाम फुटेल. ती मात्र चाळीस मिनिटांत चौघांची पाने वाढते. वर उरलेल्या दुधाचे पनीर करते आणि त्याचे पाणी कणकेत वापरते. या चतुराईला गुण देणारा रकाना कुठल्याच स्पर्धेत नाही.

आणि हा सामना रोजचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या वेळेच्या वापराच्या पाहणीत आढळले, की घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. म्हणजे तिचे जवळजवळ पाच तास आणि त्याचे दीड तासाच्या आसपास. यात सगळा वेळ स्वयंपाकाचा नाही हे खरे, पण मोठा वाटा चुलीपाशीच जातो. टीव्हीवर घंटा वाजली की हात वर करून स्पर्धक बाजूला होतात. भांडी कोण घासते, हे तिथे कधी दाखवत नाहीत. घरी घंटा वाजत नाही आणि भांड्यांचा ढीग दिसत राहतो.

घरातले परीक्षक

या स्पर्धा पाहून घरातली माणसे काय शिकली? भाषा तर नक्कीच शिकली. दहा वर्षांचा मुलगा पोह्यांची बशी फिरवून म्हणतो, ''प्रेझेंटेशन जमलेले नाही.'' आयुष्यात गॅस न पेटवलेला नवरा आमटीचा घोट घेऊन म्हणतो, ''थोडा बॅलन्स हवा होता.'' सगळे हसतात, तीही हसते. पण त्या हसण्याखाली एक बारीक काटा राहतो. परीक्षकाची ऐट सर्वांनी उचलली, पण परीक्षकाचे खरे काम कोणी उचलले नाही.

ते खरे काम म्हणजे लक्ष देणे. चांगला परीक्षक आधी ताटलीकडे पाहतो. मग विचारतो, हे काय केले आहे, का केले आहे, हे कोणाकडून शिकलात? मग घास घेतो आणि त्या वेळी दुसरे काहीही करत नाही. ना वर्तमानपत्र, ना मोबाइल. मग नेमके काय आवडले ते सांगतो. दोष असेल तर तोही सांगतो, पण आधी कष्ट ओळखतो. प्रेक्षक गृहिणीला हेवा वाटतो तो याच दोन मिनिटांचा. मुकुट, धनादेश, टाळ्या हे तिला दुरून शोभून दिसते. 'हे कोणाकडून शिकलात?' हा प्रश्न मात्र तिला स्वतःसाठी हवा असतो. कारण त्या उत्तरात तिची आई असते, आजी असते, सासरी पहिल्या वर्षी खारट झालेली आमटी असते. आणि हे सारे सांगावे असे कोणी आजवर विचारलेलेच नसते.

'छान झालंय' हा शब्दही तसा पुरेसा नाही. तो रोज म्हटला की 'नमस्कार'सारखा होतो, कानावरून जातो. ''आज आमटीत वेगळं काय घातलंस?'' असे विचारले की ती चटकन मान वर करते. ''आमसूल संपलं होतं, म्हणून चिंच घातली,'' एवढेच साधे उत्तर येते, पण बोलणे सुरू होते. पुढच्या आठवड्यात कोणी न सांगता ती पुन्हा चिंच घालते. स्पर्धेतला विजेता वर्षात एकदा ठरतो. घरात असा सन्मान दिवसातून दोनदा करता येतो आणि त्याला खर्च काहीच नाही.

स्तुतीने भांडी घासली जात नाहीत, हेही तितकेच खरे. चवीला दाद देणारी माणसे जेवून उठताना आपापले ताट उचलून मोरीत ठेवतील, मुलगा पोळ्या लाटायला शिकेल, रविवारी एक वेळची कढई नवरा सांभाळेल, तेव्हाच त्या दादेला वजन येईल. ज्याने स्वतः एकदा फोडणी जाळली आहे, तो 'बॅलन्स'वर बोलताना जरा जपून बोलतो.

म्हणून स्पर्धा अवश्य पाहाव्यात, मुलांबाळांसह पाहाव्यात. ज्याला हौस आणि हिंमत असेल, त्याने भागही घ्यावा. फक्त कार्यक्रमाची वेळ आणि जेवणाची वेळ एकच येऊ देऊ नये. पडद्यावरच्या अनोळखी बाईच्या पहिल्या घासासाठी श्वास रोखून बसायचे आणि समोर वाढलेला घरचा घास मान खाली घालून गिळायचा, यापेक्षा टीव्ही अर्धा तास बंद ठेवलेला बरा. पान वाढून झाले, की वाढणारीलाही बसायला सांगावे. तिचे ताट वाढेपर्यंत सगळ्यांनी थांबावे. मग पहिला घास घ्यावा आणि तो गिळण्यापूर्वी त्याची चव घ्यावी.